वर्ध्याचा तंबू चंद्रतालकाठी?

प्रश्न : आम्ही वर्ध्याचे चार मित्र मेमध्ये मनालीहून थेट चंद्रतालला जाऊन तळ्याकाठी तंबू ठोकणार आहोत. आधी बोरधरणावर सराव करावा का?

उत्तर : बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे वाटेल तिथे तंबू टाकता येत नाही. सराव शेतात करा. आणि मे विसरा. त्या बाजूचा रस्ता बर्फातून साधारण जूनमध्ये मोकळा होतो.

खरी अडचण उंचीची आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर, चंद्रताल ४,३०० च्या आसपास. एका दिवसात एवढी उडी घेऊन तिथेच झोपणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. म्हणून सिमला, किन्नौर, काझा असे मुक्काम करत जा आणि परतीला मनालीत उतरा. डोकं दुखलं, मळमळलं तर वर चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असली तरी खाली उतरा. दमा, रक्तदाब असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा.

तळ्याकाठी तंबूला बंदी आहे. ते तळं २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तंबूंची जागा काही किलोमीटर अलीकडे, शेवटचा टप्पा पायी. पाण्यात उतरू नका. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पोहणाऱ्याला मोह होईल, पण ते पाणी हातपाय बधिर करतं.

आणि हो, कुकर न्या. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं; पातेल्यात तुरीचं वरण शिजणार नाही.