परसबाग : पोषण सुरक्षेचा घरगुती आधार

भारताच्या अन्नविषयक परिस्थितीत एक ठळक विसंगती आढळते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 अन्वये ग्रामीण भागातील 75 टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील 50 टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क मिळाला. फळे व भाजीपाल्याच्या उत्पादनात चीननंतर भारताचा जगात दुसरा क्रमांक लागतो. 2020-21 मध्ये देशात सुमारे 20 कोटी टन भाजीपाला आणि 10 कोटी टन फळे पिकली. असे असतानाही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया आणि 6 ते 59 महिने वयाची 67.1 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या सर्वेक्षणात (2015-16) हेच प्रमाण अनुक्रमे 53.1 व 58.6 टक्के होते. याच काळात बालकांतील खुजेपणाचे प्रमाण 38.4 वरून 35.5 टक्क्यांपर्यंत उतरले.

पोटभर जेवणातही लोह, जीवनसत्त्व ‘अ’ यांसारखी सूक्ष्म पोषकद्रव्ये अपुरी असतात, तेव्हा तिला ‘छुपी भूक’ म्हणतात. शिधावाटप दुकानातून गहू-तांदूळ मिळतो. पालक, पपई किंवा शेवगा मिळत नाही. नाशवंत भाजीपाला दुर्गम वाडी-तांड्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो आणि पोहोचला तरी मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला तो रोज परवडत नाही. या पार्श्वभूमीवर घरालगतच्या जागेत भाज्या व फळे पिकविण्याच्या जुन्या पद्धतीकडे, म्हणजेच परसबागेकडे, पोषण धोरणाचे एक साधन म्हणून पाहिले जाऊ लागले आहे.

परंपरेचा वारसा

परसबाग ही संकल्पना भारताला नवी नाही. केरळमधील घराभोवतीच्या बागेत नारळ व फणसाच्या सावलीत केळी, त्याखाली सुरण, अळू, आले व हळद आणि झाडांच्या खोडांवर मिरीचे वेल अशी बहुस्तरीय लागवड असते. आसाममधील ‘बारी’मध्ये सुपारी, पानवेल, केळी, बांबू आणि बहुधा एखादे तळे एकत्र नांदते. गोव्यातील कुळागर हेही याच कुळातील. सूर्यप्रकाशाचा प्रत्येक थर वापरणे, वर्षभर काही ना काही हाती येणे आणि एक पीक गेले तरी दुसऱ्याने सावरणे, ही या पद्धतींची समान वैशिष्ट्ये होत. भरपूर पावसाच्या या प्रदेशांतील रचना दख्खनच्या कोरड्या पठारावर जशीच्या तशी उतरविता येत नाही. तत्त्व मात्र तेच राहते.

जागा किती हवी?

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत 2000 किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात सुमारे 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे असावीत असे सुचविले आहे. या हिशेबाने पाच जणांच्या कुटुंबास दिवसाला 2 किलो, म्हणजे वर्षाला सुमारे 730 किलो भाजी लागेल. देशातील भाजीपाल्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे 18 टन आहे. अडीच गुंठ्यांच्या (250 चौरस मीटर) बागेतील एक तृतीयांश जागा वाटा, खतखड्डा व फळझाडांसाठी सोडली, तर उरलेल्या जागेतून एका हंगामात सुमारे 300 किलो आणि दोन हंगामांत 600 किलो भाजी अपेक्षित धरता येते. एका गुंठ्यातून याच प्रमाणात गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग भागतो. म्हणजे लहान परसबाग कुटुंबाला बाजारमुक्त करीत नाही. परंतु ज्या घरात आठवड्यातून एकदाच पालेभाजी शिजते, तेथे ती रोजच्या ताटात आणू शकते.

रचनेचे शास्त्र

भारतात वर्षाचा बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून शेवगा, पेरू, लिंबू, कढीपत्ता, पपई अशी उंच व बहुवर्षीय झाडे बागेच्या उत्तर बाजूस लावावीत. त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर केळी व अळू यांना जागा द्यावी. कुंपणावर दोडका, कारले, वाल, घेवडा चढवावेत. त्यामुळे जमीन न अडता उत्पादन मिळते.

मधल्या वाफ्यांत पिकांची फेरपालट महत्त्वाची ठरते. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामागून पालेभाजी घेतल्यास तिला उरलेल्या नत्राचा लाभ मिळतो. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील पिके असल्याने त्याच वाफ्यात एकामागून एक घेतल्यास रोग व सूत्रकृमी वाढतात. मेथी, कोथिंबीर व मुळा यांची पेरणी एकाच दिवशी न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी करावी. अन्यथा एका आठवड्यात भाजी वाया जाते आणि पुढील तीन आठवडे वाफा रिकामा राहतो. स्वयंपाकघरातील ओला कचरा, पालापाचोळा व शेण यांपासून कंपोस्ट तयार करावे. किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, हा घरगुती बागेस मानवणारा उपाय होय.

पाणी : खरी मर्यादा

परसबाग जागेअभावी जितकी अडते त्याहून अधिक पाण्याअभावी अडते. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यास दर चौरस मीटरला दिवसाकाठी किमान 5 लिटर पाणी लागते. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर हे प्रमाण ठरविले. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला 275 लिटर. त्यातील अंघोळ, भांडी व धुण्याचे दीडशे ते दोनशे लिटर सांडपाणी पुन्हा वापरता आले, तरी त्यावर 30 ते 40 चौरस मीटर वाफेच हिरवे राहतील. म्हणून अडीच गुंठ्यांची बाग खरीप व रब्बीत पूर्ण आणि उन्हाळ्यात आखडती ठेवणे हे वास्तववादी नियोजन ठरते. वाफ्यांवर पाचट वा पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन घटते. साबणाचे पाणी वाळू-खडीच्या थरातून गाळून केळी, अळू, शेवगा यांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर ते टाकू नये.

याच कारणाने परसबागेची उत्पादकता केवळ किलोंत मोजणे अपुरे आहे. श्रावणात शंभर किलो दोडका देणाऱ्या बागेपेक्षा एप्रिल-मेमध्येही शेवग्याचा पाला, कढीपत्ता, लिंबू आणि वाळवून ठेवलेल्या शेंगांचे दाणे पुरविणारी बाग पोषणाच्या दृष्टीने अधिक उत्पादक होय. वर्षातील किती दिवस ताटात भाजी वा फळ आले आणि ते किती प्रकारांचे होते, हा तिचा खरा निकष.

बियाणे आणि स्त्रियांचे ज्ञान

संकरित वाणाच्या फळातून धरलेले बी पुढील पिढीत मूळ गुण टिकवीत नाही. त्यामुळे दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. सरळ अथवा गावरान वाणांचे बी घरीच राखता येते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि परसबागेच्या माध्यमातून ती बियाणी इतर स्त्रियांपर्यंत पोहोचविली. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. औपचारिक शिक्षणाबाहेरील ज्ञानाला मिळालेली ही मान्यता होती.

शासकीय प्रयत्न

राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 नुसार जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. 8 मार्च 2018 रोजी राजस्थानातील झुनझुनू येथून पोषण अभियानाचा आरंभ झाला. 2019 मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 2021-22 च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या पोषण 2.0 मध्ये अंगणवाड्यांच्या आवारातील ‘पोषण वाटिकां’वर भर देण्यात आला. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाने स्वयंसहायता गटांमार्फत कृषी-पोषण बागांना चालना दिली. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबविली.

मर्यादा आणि पुढील दिशा

परसबाग हा रक्तक्षयावरील एकमेव उपाय मानणे चुकीचे ठरेल. वनस्पतिजन्य लोहाचे शरीरात शोषण कमी होते. जेवणात लिंबू, आवळा वा पेरूसारखे ‘क’ जीवनसत्त्वयुक्त पदार्थ असल्यास ते वाढते; जेवणासोबतच्या चहाने घटते. गाजर, भोपळा, पपई व हिरव्या पाल्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाच्या पूर्वघटकाच्या शोषणासाठी आहारात थोडे तेल आवश्यक असते. लोहाच्या गोळ्या, जंतनाशक औषधे, स्वच्छ पाणी व शौचालय यांची जागा बाग घेऊ शकत नाही. विविध देशांतील अशा कार्यक्रमांच्या अभ्यासांतून आहारातील विविधता वाढल्याचे दिसते. बालकांच्या उंची-वजनावरील परिणाम मात्र तितके ठाम नाहीत. आहारविषयक शिक्षणाची जोड असेल तेथे लाभ अधिक संभवतो.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. ज्यांना परसबागेची गरज सर्वाधिक, त्या भूमिहीन कुटुंबांकडे घरापुढे अंगणही नसते. त्यांच्यासाठी गावठाण, शाळा वा अंगणवाडीच्या आवारात सामूहिक बाग, तसेच गोणीत किंवा जुन्या भांड्यांत लागवड हे पर्याय विचारात घ्यावे लागतील. शिवाय बागेचे पाणी शेंदणे, खुरपणी व राखण हे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येते. रक्तक्षयग्रस्त स्त्रीच्या डोक्यावर आणखी दोन हंडे चढविणारी परसबाग आपल्याच उद्दिष्टाचा पराभव करते. श्रमाची कुटुंबात वाटणी, दाराशी पाणी आणि पिकलेल्या भाजीतील स्त्रीचा स्वतःचा वाटा या तीन अटी पूर्ण झाल्या, तरच परसातील हिरवळ आरोग्याच्या आकडेवारीत उमटण्याची आशा धरता येईल. धान्यसुरक्षेकडून पोषणसुरक्षेकडे जाणारी वाट अशा लाखो लहान परसांतूनही जाते.