हेडलेस सीएमएस घेण्याआधी

मी एका मराठी मासिकाची वेबसाइट सांभाळते. लेख चढवणं, फोटोओळी लिहिणं, रात्री कोणी चूक दाखवली की ती लगेच सुधारणं, हे माझं काम. आमची वेबसाइट वर्डप्रेसवरून हेडलेस सीएमएसवर गेली, तिथे काही काळ रखडली आणि परत आली. असाच बदल करू पाहणाऱ्या छोट्या प्रकाशनांना आणि संस्थांना त्यातून जे सांगता येईल ते इथे सांगते.

वर्डप्रेसमध्ये लिहायची जागा आणि वाचकाला दिसणारं पान एकाच प्रणालीत असतं. हेडलेसमध्ये दोन्हींची फारकत होते. मजकूर एकीकडे साठतो, आणि दुसराच प्रोग्राम एपीआयमार्फत तो उचलून पान तयार करतो. याचे फायदे खरे आहेत. पानं झटकन उघडतात, एकच मजकूर वेबसाइटला आणि ॲपलाही पुरवता येतो, आणि लॉगिनची जागा वेबसाइटपासून वेगळी राहत असल्याने सुरक्षितता वाढते. आमचं काम घेणाऱ्या एजन्सीने हे सगळं छान समजावलं. एक गोष्ट तेवढी निसटली: वर्डप्रेस जे न मागता देतं, ते इथे एकेक करून बांधून घ्यावं लागतं, आणि प्रत्येकाचे पैसे पडतात.

पहिला फटका कवितांना बसला. ओळ संपली की शिफ्ट धरून एंटर दाबायचं, ही आमची जुनी सवय. लिहायच्या खिडकीत ओळी जागच्या जागी दिसत होत्या. वेबसाइटवर अख्खं कडवं गद्यासारखं सलग. कारण तसं साधं होतं. ही प्रणाली मजकूर एचटीएमएलमध्ये न ठेवता जेसनमध्ये ठेवायची. ओळ तोडल्याची खूण त्यात शाबूत होती, पण पान बनवणाऱ्या प्रोग्रामला तिचं काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ब्राउझर अशी खूण साध्या मोकळ्या जागेसारखी दाखवतो. दुरुस्ती किरकोळ होती, पण माझ्या हातातली नव्हती. आधी डेव्हलपरला निरोप, मग त्याचा खर्चाचा अंदाज, मग मंजुरी. कवींचे फोन मात्र मला येत होते.

मग लिंका. शीर्षकावरून लेखाचा पत्ता बनवणारा कोड बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो: अक्षरं ठेवा, बाकी चिन्हं गाळा. युनिकोडमध्ये आपले काना, मात्रा, वेलांट्या 'अक्षर' या वर्गात येतच नाहीत. त्यामुळे 'शेतीचे दिवस' या शीर्षकाचा पत्ता झाला 'शतच-दवस'. वर्डप्रेसही इथे सोवळं नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तिथे पत्त्यात नऊ खुणांचं होतं आणि मर्यादा २०० खुणांची, म्हणून लांब शीर्षक बावीसेक चिन्हांनंतर तुटतं. पण तिथे मी पत्त्याच्या चौकटीत जाऊन तो स्वतः बदलत होते.

सर्वांत जास्त जाच झाला तो प्रीव्ह्यूचा. लेख प्रसिद्ध होण्याआधी पान कसं दिसेल ते बघणं ही संपादनाची साधी गरज. हेडलेसमध्ये प्रीव्ह्यू वेगळा जोडावा लागतो, आणि आमच्या कामाच्या यादीत तो नव्हताच. म्हणजे आधी प्रसिद्ध करा, मग बघा. तेही लगेच दिसेल असं नाही. आमची सगळी पानं आगाऊ बनवून ठेवलेली असायची. एक वेलांटी सुधारली तरी पूर्ण बिल्ड पुन्हा चालायचा, आणि तोवर चूक वाचकांसमोर तशीच. जुने अंक चढत गेले तसा हा वेळ वाढत गेला. यावर तोडगा नाही असं नाही. पान बनवणाऱ्या नेक्स्ट.जेएस या साधनात २०२० पासून बदललेलं पान तेवढं नव्याने बनवता येतं. पण तो तोडगा बसवायलाही माणूस लागतो.

पैशांचं गणितही वेगळं. सीएमएसचं बिल एक, होस्टिंगचं दुसरं, दोन्ही डॉलरमध्ये. पुष्कळ सेवांचे दर किती जण लॉगिन करणार आणि एपीआयला किती वेळा हाक जाणार यावर ठरतात. दिवाळी अंकाच्या दिवसांत आमच्याकडे हात वाढतात आणि वाचकही वाढतात, म्हणजे दोन्ही आकडे एकदमच फुगतात. शिवाय पान बनवणारी साधनं लवकर जुनी होतात. एके काळी सगळ्यांच्या तोंडी असलेली गॅट्सबी २०२३ मध्ये नेटलिफायने विकत घेतली आणि पुढे तिचं काम मंदावलं. तिच्यावर उभ्या असलेल्या वेबसाइटना दुसरी वाट शोधणं आलं.

म्हणून हेडलेस घेऊच नये का? तसं नाही. तोच मजकूर वेबसाइट, ॲप आणि आणखी दोन ठिकाणी जाणार असेल आणि पगारावरचा डेव्हलपर ऑफिसात बसत असेल, तर जरूर घ्या. एकच वेबसाइट, दोन-तीन संपादक आणि बाहेरची एजन्सी, एवढाच संसार असेल तर वर्डप्रेस, चांगलं होस्टिंग आणि नीट लावलेली कॅशे यांत काम भागतं. मधली वाटही आहे. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये मजकुरासाठी रेस्ट एपीआय आलेलं आहे, त्यामुळे लिहायची जागा तीच ठेवून पुढचं पान वेगळं बांधता येतं. मात्र फॉर्म, मांडणी, शोध यांसाठी घेतलेले प्लगइन पुढच्या पानावर आपोआप चालतील या भ्रमात राहू नका.

बोलणी सुरू झाली की डेमो एजन्सीच्या मजकुरावर बघू नका, आपला मजकूर द्या: एक कविता, तक्त्यांचा एक लांब लेख, जोडाक्षरांनी भरलेलं एक शीर्षक. तो चढवायला रोज हे काम करणाऱ्या माणसालाच बसवा. प्रीव्ह्यू, जुन्या लिंकांचे रीडायरेक्ट, साइटमॅप, शोध, वर्गणीचा फॉर्म, ठरल्या वेळी प्रसिद्धी, यांतलं प्रत्येक कलम करारात नावानिशी लिहून घ्या. बाहेर पडायची वाटही तेव्हाच तपासा. मजकूर जेसनमध्ये मिळतो, पण त्याची रचना ज्याची त्याची वेगळी असते. तो दुसरीकडे न्यायचा तर रूपांतराचा कोड लिहावा लागतो. परतताना आमचा बराच वेळ आणि पैसा त्यातच गेला.

आणि एक प्रश्न समोरासमोर विचारा: डेव्हलपर रजेवर असताना संपादक एकटा काय काय बदलू शकेल? त्याचं उत्तर लेखी घ्या, आणि ते संपादकाने वाचल्याशिवाय सही करू नका.