पाला, बॅटरी आणि वारणेची सवय

वारणानगरहून न्यू जर्सीत आलेल्या पोराला भाड्याच्या घरात असेपर्यंत पाल्याची काही तोशीस लागत नाही. ते घरमालकाचं काम. स्वतःचं घर घेतलं की पहिल्याच ऑक्टोबरात दारातले ओक आणि मेपल हिशेब मागायला लागतात. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून वाटतो, आणि इथं नेमक्या त्याच दिवसांत दारात पडलेलं गाडीभर सोनं कुणी फुकट न्यायला तयार नसतं.

हे टिपण इथं वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या आठ-दहा मराठी घरांत विचारून केलं आहे. त्यात कराडच्या एक काकू आहेत, इस्लामपूरचे एक भाऊजी आहेत आणि माझी स्वतःची फजितीही आहे. माझं शिक्षण वारणेचंच, १९८३ साली सुरू झालेल्या तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. तरी पाला हवेनं सारायच्या यंत्राची, म्हणजे ब्लोअरची, पहिली बॅटरी मी वारणेच्या सवयीनंच घालवली. ते पुढं सांगतो.

पेट्रोलचा ब्लोअर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. वॉशिंग्टन डीसीत २०२२पासून तो वापरायलाच बंदी आहे, आणि कॅलिफोर्नियात २०२४पासून नवे पेट्रोल ब्लोअर विक्रीतून हटवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा, की व्यावसायिक पेट्रोल ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढंच २०१७ची कॅमरी गाडी ११०० मैल पळवल्यावर होतं. म्हणजे वारणानगरहून दिल्ली गाठण्याइतकं. न्यू जर्सीत गावागावाचे नियम वेगळे, म्हणून घर घेतल्यावर आपल्या टाऊनशिपचं आवाजाचं वेळापत्रक आधी बघा. रविवारी सकाळी सातला यंत्र सुरू केलं, तर शेजारणीशी पहिली ओळख कशी होईल ते मी सांगायला नको.

दुकानात डब्यावरच्या व्होल्टला भुलू नका. अठरा व्होल्ट आणि 'वीस व्होल्ट मॅक्स' ही एकाच बॅटरीची दोन बारशी आहेत. आत पाच सेल तेच असतात. एकानं चालू असतानाचा सरासरी आकडा छापला, दुसऱ्यानं पूर्ण भरल्या क्षणाचा. खरं बघायचं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो ते. मैलांतला वेग नळी चिंचोळी करूनही वाढवून दाखवता येतो. पाव एकराच्या घराला, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांना, पाचशेच्या आसपास सीएफएम पुरतो. आणि गवत कापायचं यंत्र, ड्रिल, ब्लोअर या सगळ्यांना एकच बॅटरी चालेल अशी कंपनी धरा. भाऊजींच्या गॅरेजमध्ये चार कंपन्यांचे चार चार्जर लटकलेत आणि हवा असतो तो कधीच हाताला लागत नाही.

वापरायची रीत तुम्हाला येतेच, फक्त आठवायची आहे. वडिलांनी पाठीवर पंप देऊन उसात पाठवलं तेव्हा पहिलं वाक्य काय असायचं? वारं तोंडावर घेऊ नको. इथंही तेच. वारं पाठीशी घ्या, घराकडून बाहेरच्या बाजूला जा. सकाळी दव असताना पानं जमिनीला चिकटलेली असतात, तेव्हा यंत्र घुमवणं म्हणजे बॅटरी जाळणं. साडेदहा-अकराला ऊन पडू द्या. नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर वर, आडवं, आणि हात फवारताना फिरतो तसाच डावी-उजवीकडं संथ. ढिगाच्या पोटात हवा मारली की पानं कारंज्यासारखी उडून मागं येतात. ढिगाच्या बुडाखाली, कडेनं हवा सारली की ढीग आपसूक सरकतो.

काकूंचं तंत्र मला सगळ्यात पटलं. त्या आधी ताडपत्री अंथरतात. शेवटचे दहा फूट ब्लोअर बंद, दंताळं हातात. पाला ताडपत्रीवर ओढायचा, चार टोकं धरायची आणि वैरणीच्या भाऱ्यासारखी फरपटत न्यायची. साठी उलटलेल्या काकू दीड तासात अंगण मोकळं करतात. शेजारचा तरुण गडी दुपारभर तोच ढीग इकडून तिकडं उडवत असतो.

पाला टाकायचा कुठं? न्यू जर्सीत पानं कचराभूमीवर न्यायला १९८८पासून बंदी आहे, त्यामुळं घरच्या कचऱ्याच्या डब्यात ती कोंबू नका. बऱ्याच गावांत ठरल्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला ढीग घालायला परवानगी असते, पण पावसाच्या पाण्याच्या जाळीपासून दहा फूट लांब. जाळीत पाला गेला की पहिल्या मोठ्या पावसात तुमच्याच दारात तळं साचतं. काही गावांत कागदी पिशव्याच भराव्या लागतात.

डोळ्याला चष्मा आणि कानात बोळे हवेतच. ओकची फळं गोळीसारखी उडतात. पन्हळ साफ करायला ब्लोअर घेऊन शिडीवर चढू नका, हवेचा धक्का उलटा बसतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पायरी झाडायला यंत्र बाहेर काढण्याआधी रांगोळी काढून झाली आहे का, ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

आता बिघाड. यंत्र 'मेलं' म्हणून लोक दुकानात परत नेतात, त्यातली बरीच जिवंत असतात. सुरूच होत नसेल तर बॅटरी काढून पुन्हा बसवा, कट् असा आवाज आला पाहिजे. खाचेत पानाचा चुरा अडकला तर ती बसल्यासारखी दिसते पण संपर्क होत नाही. टर्मिनल कोरड्या फडक्यानं पुसा, पाणी लावू नका.

हवा मंद झाली तर मागची किंवा बाजूची जाळी बघा. तिथून हवा आत ओढली जाते आणि ओलं पान तिथं पापडासारखं चिकटतं. हात घालण्याआधी बॅटरी बाहेर. हे 'नंतर काढतो' म्हणून चालणारं काम नाही, आत पंखा फिरतो. खडखड आवाज येत असेल तर पंख्यात काटकी गेली आहे किंवा पातं तुटलं आहे. तुटकं पातं घेऊन यंत्र चालवू नका.

मधेच बंद पडलं, पुन्हा खटका दाबला, दोन मिनिटं चाललं आणि पुन्हा बंद? बहुधा बॅटरी तापली आहे आणि स्वतःला वाचवते आहे. कारण असतं टर्बो. हिशेब करा: डब्यावर ५६ व्होल्ट, ५ अँपिअर-तास, म्हणजे २८० वॅट-तास. टर्बोवर यंत्र हजारभर वॅट ओढतं. पाव तासात खेळ खलास. टर्बो ओल्या, दबलेल्या ढिगापुरता वापरा, बाकी मधला वेग पुरे. तापलेली बॅटरी चार्जरवर ठेवली तर दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. बॅटरी गेली असं समजू नका, सावलीत अर्धा तास ठेवा.

आणि आता माझी बॅटरी. गावी आमच्याकडं फवारणीचा बॅटरी पंप होता, बारा व्होल्टचा, शिशाचा. वडिलांचा दंडक होता: वापरून आला की लगेच चार्जिंगला, आणि ठेवायचा तो फुल्ल करूनच. ते अगदी बरोबर होतं. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली तर आत पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत ती कायमची झोपते. आमच्या आळीत दरवर्षी एखादा पंप असाच जायचा. इकडं आल्यावर मी ब्लोअरची बॅटरी त्याच शिस्तीनं सांभाळली. डिसेंबरात काम संपलं, फुल्ल चार्ज केली, अंगणातल्या लाकडी शेडमध्ये ठेवली, मधून मधून जाऊन पुन्हा टोचली. पुढचा सबंध उन्हाळाही ती तिथंच तापत राहिली. ऑक्टोबरात काढली तर निम्मा वेळही चालेना.

लिथियमचा स्वभाव उलटा. काठोकाठ भरून उष्ण जागी ठेवली की ती आतून म्हातारी होते. हंगाम संपल्यावर तिला अर्ध्यावर आणून, घरात, गार आणि कोरड्या जागी ठेवायचं. साफ रिकामी ठेवली तरी बिघडते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी दिवे बघायचे. आणि गोठणबिंदूखाली चार्ज करायची नाही. त्या थंडीत लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूसारखं साचतं, आणि हे नुकसान भरून येत नाही. जानेवारीत भुरभुरीत बर्फ उडवायला ब्लोअर छान चालतो, पण बॅटरी घरात आणून कोमट झाल्यावरच चार्जरला लावा. फुगलेली, तडकलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीत पेट घेते. चांगली पण संपलेली असेल तर टर्मिनलवर टेप लावून होम डेपो किंवा लोजच्या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत द्या. खराब झालेली तिथं सोडू नका, आधी काउंटीच्या घातक कचरा केंद्रात विचारा.

एक प्रश्न हटकून येतो, गावी नेता येईल का? यंत्र नेता येईल, पण अशी मोठी बॅटरी नाही. विमानात शंभर वॅट-तासांपर्यंतची चालते, एकशे साठपर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढं प्रवाशाला नेताच येत नाही. इथल्या चार्जरवर नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो फटदिशी जाईल.

मी हे फोनवर वडिलांना समजावत होतो. त्यांचं पहिलं म्हणणं होतं, "आरं, पाल्याचं खत करायचं सोडून उडवत काय बसलाईस?" त्यांचं खरं आहे, उसाचं पाचट जाळू नका म्हणून ते आयुष्यभर भांडले. मी आता निम्मा पाला गवत कापायच्या यंत्राखाली बारीक करून हिरवळीवरच सोडतो. मागच्या गळिताच्या हंगामात मात्र त्यांनी कोल्हापुरातून एक छोटा बॅटरीचा ब्लोअर आणलाच, ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधला पाचटाचा भुसा काढायला. व्हिडिओवर मला दाखवला, जाळीतून धुळीचा लोट निघाला, आणि यंत्र बंद करून बॅटरी हातात धरून म्हणाले, "मग ही फुल्ल करून ठेवायची न्हाई म्हणतोस? अर्धी?"

"अर्धी."

"बघ बाबा. तुझ्या जबाबदारीवर."