रिमोट बिघडला की टीव्ही?

खडकी, पुणे

चि. मयूरीस,


डिप्लोमाच्या पहिल्या प्रोजेक्टसाठी तू रोबोटचं तयार किट घेणार आहेस, असं दादा म्हणाला. माझं ऐकशील तर त्याआधी रिमोट टेस्टर बनव. इथे रेंज हिल्सच्या बाजूला पेन्शनवर चालणाऱ्या घरांत टीव्ही लागेनासा झाला की सगळे अडतात ते एकाच प्रश्नावर: रिमोट गेला की सेट? उत्तर न शोधताच कुणी नवा रिमोट आणतं, कुणी अख्खा सेट रिक्षात घालून दुकानात नेतं. ज्याच्या हातात विद्या आहे त्याने म्हाताऱ्या माणसांचे पैसे असे जाऊ देऊ नयेत.

सामान थोडकंच आहे. खडकीहून मेट्रोने मंडईला उतर, बुधवार पेठेत सगळं मिळेल. टीएसओपी 1738 रिसीव्हर, बीसी 558 ट्रान्झिस्टर, एक एलईडी आणि किरकोळ रेझिस्टर. वीज जुन्या मोबाइल चार्जरची, 5 व्होल्ट. या रिसीव्हरचं आउटपुट एरवी हाय असतं आणि संकेत मिळाला की लो होतं, म्हणून पीएनपी ट्रान्झिस्टर. एमिटर 5 व्होल्टला, बेस 10 किलोओहममधून आउटपुटला, कलेक्टर 470 ओहम आणि एलईडीतून ग्राउंडला. रिसीव्हरच्या सप्लायला 100 ओहम आणि त्याच्या पायांना लागूनच 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, नाहीतर चार्जरच्या गडबडीने एलईडी उगाच लुकलुकेल. पिनांचा क्रम पाठ करू नकोस. 1738 मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. टीएसओपी 38238 मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. हातातल्या नगाची डेटाशीट वाचूनच डाग दे.

तू म्हणशील, मोबाइलच्या कॅमेऱ्यातही रिमोटचा उजेड दिसतो. दिसतो, पण काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. शिवाय तो उजेड या रिसीव्हरला लागतो तसा सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतोय का, हे कॅमेरा सांगत नाही. पुष्कळ रिमोटांत 455 किलोहर्ट्झचा रेझोनेटर असतो. 455 ला 12 ने भागलं की आकडा 38 च्या जवळ येतो. रिमोट फरशीवर पडला की हा इवलासा भाग तडकू शकतो. तेवढा बदलला की रिमोट पुन्हा चालतो. एकच बटण मुकं असेल तर रबराखालचा कार्बन बघ. सगळीच बटणं फक्त जवळून चालत असतील तर सेल आणि गंजलेल्या स्प्रिंगा बघ. म्हणून टेस्टर लांब ठेवूनही तपासायचं, आणि उन्हात नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. एलईडी लुकलुकला म्हणजे रिमोट काहीतरी पाठवतोय, एवढंच. तो त्याच टीव्हीचा कोड आहे का, हे टेस्टरला कळत नाही. भलत्याच कंपनीचा रिमोटही तो लुकलुकवेल. सोनीचे रिमोट 40 किलोहर्ट्झवर चालतात, ते इथे थोडे कमी अंतरावरून ओळखले जातात. तुझे आजोबा इथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेजवर होते. गेज काय मोजतो हे सांगण्याआधी तो काय मोजत नाही, ते सांगायचे. तेव्हा एलईडी पेटला म्हणून लगेच "तुमचा सेट गेला" असं कुणाला म्हणू नकोस. त्याच मॉडेलचा चालता रिमोट मागून आण आणि सेटवर लावून बघ, मगच बोल.

येताना सोल्डरिंग आयर्न आण. घरातले बंद रिमोट दादाने अजून फेकले नसतील तर तेही आण.

तुझी,
आत्या