क्लॉक नको, एज बघ

"क्लॉक तर 8 मेगाहर्ट्झचा, मग सिम्युलेशन कशाला?" काल तू विचारलंस, तेव्हा हसू आलं. तुझ्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो होतो.

तेव्हाही 8 मेगाहर्ट्झच, ट्रॅक 12 सेंटीमीटरचा. दोन वर्षं बोर्ड बिनतक्रार चालला. मग त्याच पार्ट नंबरचा नवा लॉट आला आणि काउंटर एकाचे दोन मोजायला लागला. फर्मवेअरवाल्याला आठवडाभर उगाच छळलं. चिप नव्या, बारीक प्रोसेसवर बनलेली होती; वर चढायला जो सिग्नल आधी 5 नॅनोसेकंद घ्यायचा, तो आता एकातच चढत होता. एवढ्या वेगवान एजला तोच ट्रॅक लांब ठरला.

ट्रॅक किती लांब चालेल, हा हिशेब तोंडी होतो. एफआर-4 बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंटीमीटर पळतो. राइज टाइमच्या सहाव्या भागात जेवढं अंतर जाईल, तेवढ्या ट्रॅकची काळजी नको. 5 नॅनोसेकंदांना साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे मी जेमतेम आत होतो. एकाला? अडीच.

डेटाशीटवर विसंबू नकोस. तिथे बहुधा जास्तीत जास्त राइज टाइम देतात, तुला हवा कमीत कमी. तो आयबिस फाइलमध्ये बघ. साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. 'रॅम्प' शोध आणि सगळ्यात वेगवान आकडा घे.

मर्यादा ओलांडली म्हणून लगेच सिम्युलेशनला बसायचं नाही. एक ड्रायव्हर, एक रिसीव्हर असेल तर ड्रायव्हरच्या अगदी पायाशी 33 ओहमचा रेझिस्टर लाव. चिपचे स्वतःचे वीसेक धरले की 50 ओहमच्या ट्रॅकशी जमतं. माझा तो बोर्ड एवढ्यावरच सुधारला. स्कोपवर तपासताना मात्र प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लाव, नाहीतर वायरचंच रिंगिंग बघून बोर्डाला नावं ठेवशील. (मी ठेवली आहेत.)

सिम्युलेशन कधी? एकाच क्लॉकला तीन-चार चिपा फांद्या फुटून जोडल्या असतील, सिग्नल कनेक्टरमधून दुसऱ्या बोर्डावर जात असेल, किंवा जागा नाही म्हणून डीडीआरचा लेआउट उत्पादकाच्या गाइडपासून हलवावा लागला असेल तेव्हा. गिगाबिटवाल्या लांब लाइनचं तर विचारूच नकोस, करायचंच. आणि तेही रूटिंगच्या आधी एकदा. बोर्ड छापून आल्यावर फांदी कापता येत नाही.

तुझी क्लॉक लाइन मी मोजली, 9 सेंटीमीटर आहे आणि तिला दोन फांद्या आहेत. उद्या येताना आयबिस फाइल उतरवून आण.