शाळेच्या व्हिडिओसाठी संगीत कसं निवडावं? एका 'रेट्रो सिंथ' धूनचं मूल्यमापन



क्रीडा दिन असो वा प्रवेशोत्सव, आता प्रत्येक व्हिडिओला मागे धून हवीच असते. त्यात सध्या 'रेट्रो सिंथ' जोरात आहे. पण धून आपल्याला आवडली म्हणजे ती व्हिडिओला चालेलच असं नाही. उत्तरपत्रिका तपासताना निकष लावतो ना, तसेच इथेही लावू या.

रेट्रो सिंथ म्हणजे काय?
सिंथेसायझर हे विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणारं वाद्य. १९८० च्या दशकातल्या सिंथचा आणि ड्रम मशीनचा बाज धरून आज केलेलं, शब्द नसलेलं संगीत म्हणजे रेट्रो सिंथ. हा बाज आपल्याला परका नाही. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच रोलँड कंपनीच्या अशा यंत्रांवर दहा रागांचा डिस्को ठेक्यातला अल्बम काढला होता.

निकष १ : प्रसंग
उड्या, शर्यती, विज्ञान प्रदर्शन यांना ही धून शोभते. पण गावातल्या आजींची मुलाखत किंवा श्रद्धांजली असेल तर नको.

निकष २ : लय
१५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि ४ ने गुणा. ३० ठोके आले तर मिनिटाला १२०. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. दर ८ ठोक्यांनी फोटो बदलला तर ४ सेकंद मिळतात, खालची ओळ आरामात वाचून होते. दर २ ठोक्यांनी बदलला तर एकच सेकंद! चौथीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्या.

निकष ३ : मुलांचा आवाज
सगळ्यात महत्त्वाचा निकष हाच. सिंथची मुख्य चाल बऱ्याचदा उंच स्वरात असते आणि मुलांचा आवाजही उंचच. दोन्ही एकमेकांवर आदळतात. म्हणून मूल बोलत असताना धून अगदी हळू करा, नाहीतर बंदच ठेवा. चाचणी सोपी आहे. व्हिडिओ मोबाईलच्या स्पीकरवर लावा, कारण पालक तसाच बघतात. ज्याने तो आधी पाहिला नाही त्याला डोळे मिटून ऐकायला सांगा. मूल काय म्हणालं ते त्याला सांगता आलं नाही, तर धून नापास!

निकष ४ : परवानगी
'मोफत डाउनलोड' म्हणजे 'मोफत वापर' नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल तर अक्षरं नीट वाचा. 'बीवाय' असेल तर श्रेय द्यावं लागतं. 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. 'एनडी' असेल तर ती धून व्हिडिओला लावताच येत नाही, कारण चित्राशी जुळवणं हाही बदलच धरतात. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतल्या काही धूनांनाही श्रेय लागतं, तेही तपासा.

निकाल कसा लावायचा?
प्रत्येक निकषाला ५ गुण द्या. पण तिसऱ्या किंवा चौथ्यात धून नापास झाली तर बेरीज करूच नका, दुसरी शोधा. वर्गात सहसा न बोलणारं एखादं मूल कॅमेऱ्यासमोर धीर करून दोन वाक्यं बोलतं. घरच्यांना ती वाक्यं ऐकू यायला हवीत. ढिंच्याक धून काय, कुठेही मिळते.

पुढचा व्हिडिओ टाकण्याआधी ही चाचणी करून बघा आणि तुमचा अनुभव नक्की कळवा.