तिसऱ्यांदा नीट? आधी संत्र्याची सल पाहून या

नीटचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यातल्या समुपदेशकांकडे तेच प्रश्न येतात. ‘पोरगी हुशार हाये सर, थोडक्यात हुकली. अजून एक वर्ष बसवू का?’ ‘पहिल्यापेक्षा मार्क वाढलेत, तिसऱ्या खेपेला होईलच ना?’ विचारणारे बहुधा वडील असतात. ज्याचे वय खर्ची पडते आहे, तो शेजारी मान खाली घालून बसलेला असतो.

उत्तर स्पष्ट द्यायला हवे: नको. एकदा परत प्रयत्न करणे समजू शकते. तिसरा आणि चौथा प्रयत्न म्हणजे मुलाची उमेदीची वर्षे जाळणे आहे. २०२५ मध्ये नीटला बावीस लाखांहून अधिक मुले बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्याही साऱ्या सरकारी नाहीत. क्लास बदलला म्हणून हे गणित बदलत नाही. खोलीभाडे, मेस, क्लासची फी यांत घरचे सोयाबीन विकले जाते आणि एकविसाव्या वर्षीही मूल त्याच पुस्तकांची तीच पाने उलटत राहते.

फार्मसी, नर्सिंग, बीएएमएस, फिजिओथेरपी यांची माहिती घरोघरी आहे, त्यामुळे त्यावर इथे जागा घालवायची गरज नाही. ज्याला जीवशास्त्र मनापासून आवडते त्याला ‘स्कोप आहे’ म्हणून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ढकलणे ही तर दुसरी चूक. बोलायला हवे ते वऱ्हाडात राहूनही कोणी विचारत नाही अशा एका विषयाबद्दल. तो विषय म्हणजे बुरशी.

वरुड-मोर्शीचा संत्रा बागायतदार डिंक्याला ओळखतो. खोडाची साल तडकते, डिंक गळतो, मुळे कुजतात आणि उभे झाड वाळते. यामागे फायटोफ्थोरा आहे. त्यातली एक महत्त्वाची जात जहांगीर दस्तूर या भारतीय शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये एरंडीवरून वर्णन केली होती. पुढे त्यांनी नागपुरात मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. शंभर वर्षांनंतरही हा शत्रू बागेत ठाण मांडून आहे. दिसायला तो बुरशीसारखा असला तरी शास्त्राच्या हिशेबाने खरी बुरशी नाही, त्याचे कूळ वेगळे. हा फरक कागदावरचा नाही. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक त्याच्यावर चालतच नाही. शेतकरी दुकानातून औषध आणतो, मारतो, पैसे जातात आणि झाडही जाते. रोगाचे अचूक निदान करणारा माणूस गावाजवळ असता, तर खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कधी लावायची आणि पाणी खोडापासून दूर कसे ठेवायचे, हे त्याने वेळेत सांगितले असते.

दुसरी गोष्ट आंबिया बहाराच्या फळगळीची. झाडावर वाळलेल्या काड्या राहतात, त्यांना बागायतदार सल म्हणतात. कोलेटोट्रायकम, लॅसिओडिप्लोडिया या बुरशी त्या मेलेल्या लाकडावर वाढतात. पाऊस आला की त्यांचे बीजाणू फळाच्या देठापर्यंत पोहोचतात आणि हिरवे फळ गळते. म्हणजे मेलेली काडी कुजवणारी बुरशीच जिवंत फळावर हल्ला चढवते. पावसाळ्याआधी सल काढून बागेबाहेर नष्ट करा, हा सल्ला साधा वाटतो. पण त्यामागे सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेली वर्षे आहेत.

तुरीची मर तर घरोघरची. फुलावर आलेले झाड अचानक माना टाकते. खोड उभे चिरले तर आत काळी रेघ दिसते. फ्युजेरियम उडम ही बुरशी जमिनीत, जुन्या धसकटांत वर्षानुवर्षे तग धरते. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी लागते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. वऱ्हाडात ज्वारीत तूर घालण्याची रीत जुनीच होती. सोयाबीन आले आणि ज्वारी मागे पडली. हरभऱ्यातली मर सहन करणारे जॅकी ९२१८ हे वाण अकोल्याच्या विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या हाती दिले. असे वाण उभे करताना रोगाने भरलेल्या वाफ्यात झाडे मुद्दाम मरायला लावावी लागतात, आणि जगलेल्या मोजक्या झाडांचे बी पुढे न्यावे लागते. हे रोगशास्त्रज्ञाचे काम आहे.

बुरशी नुसती मारत नाही. मेळघाटात उन्हाळ्यात सागाचा पाला घोटाभर साचतो. पावसाला सुरुवात झाली की काही बुरशी त्यातली साखर खातात, काही सेल्युलोज, आणि शेवटी फार थोड्या जाती लिग्निनसारखा चिवट पदार्थ फोडतात. त्या नसत्या तर जंगल स्वतःच्याच पाचोळ्याखाली गाडले गेले असते. कपाशी निघाल्यावर पऱ्हाटी शेतात पेटवली जाते. तिला लवकर कुजवणाऱ्या बुरशी शोधणे, त्या वऱ्हाडच्या उन्हात टिकतात का ते पाहणे, यावर काम करायला हुशार मुले हवी आहेत.

रस्ता असा. बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी, मग चार वर्षांची कृषी पदवी. १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे. पुढे वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. आणि पीएच.डी. किंवा अमरावतीत वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. आणि नेट. नागपूरला लिंबूवर्गीय फळे आणि कापूस या दोन्हींच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, जबलपूरला वनसंशोधन संस्था. महाबीजचे मुख्यालय अकोल्यातच, आणि बियाण्याचे आरोग्य तपासणारी माणसे प्रत्येक बियाणे कंपनीला लागतात.

हे सोपे नाही, तेही सांगितले पाहिजे. पदवीपासून पीएच.डी.पर्यंत नऊ-दहा वर्षे जातात. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. पण त्यासाठी परीक्षा पास करावी लागते. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. ऑगस्टच्या चिखलात वाकून मुळे उपटावी लागतात. ज्या मुलाला हे नको वाटते त्याने येऊ नये, आणि ज्याला पांढऱ्या कोटाचाच मान हवा आहे त्यानेही नाही.

पालकांना एवढेच सांगायचे आहे की, ‘नातेवाइकांत काय तोंड दाखवू’ ही तुमची अडचण आहे, मुलाची नाही. तिची किंमत त्याच्याकडून वसूल करू नका. हरलेले मूल बोलत नाही. जेवण कमी होते, झोप उडते आणि घरचे ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडून देतात. ते सोडून देऊ नका. त्याच्याशी निकालाशिवाय इतर गोष्टींवर बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या.

रिपीटरची फी भरण्याआधी एक दिवस काढा. मुलाला अकोल्याच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात घेऊन जा, किंवा विद्यापीठाच्या शिवार फेरीला न्या. प्रश्न त्यालाच विचारू द्या. आणि यंदा जे बारावीला आहेत त्यांनी नीटच्या अर्जाबरोबरच एमएचटी-सीईटीचा अर्जही मुदतीत भरून ठेवावा.